चाकाची सांखळी

‘जुनें तें सोनें’ ही म्हण आपल्या समाजांत इतकी रुळली आहे कीं, ती उच्चारतांना तिचा अर्थ तपासून पाहण्याची गरज कोणासच वाटत नाहीं. म्हातारीं माणसें ती कौतुकानें म्हणतात, तरुण मंडळी ती उपहासानें म्हणतात, आणि दोघेही पुढें चालूं लागतात. परंतु सोन्याचें नांव निघालें कीं पाठोपाठ कसोटीचेंही नांव निघावयास हवें, हें दोघांच्याही ध्यानांत राहत नाहीं. सराफ केवळ पिवळा रंग पाहून पैसे मोजीत नाहीं. मग घरांतील एखादी वस्तु, एखादी चाल किंवा एखादें यंत्र केवळ जुनें आहे एवढ्यावरून डोक्यावर कां घ्यावें, किंवा तेवढ्यावरूनच उकिरड्यावर कां टाकावें? हा विचार आमच्या मनांत एका ट्रॅक्टरामुळें आला. जन्मभर मुलांकडून शब्दरूपें आणि धातुरूपें घोकवून घेतलेल्या मास्तराचा ट्रॅक्टराशीं संबंध तो काय, असें वाचक साहजिकच विचारतील. म्हणून प्रथम तो सांगितला पाहिजे.

आमचे चिरंजीव गेलीं सोळा वर्षें अमेरिकेंत असतात. संयुक्त संस्थानांच्या ईशान्य कोपऱ्यांत, कॅनडाच्या सरहद्दीला लागून, व्हरमाँट नांवाचें एक लहानसें डोंगराळ संस्थान आहे. तेथें मोठीं शहरें नाहींत, आणि निम्म्याहून अधिक रस्ते अद्याप कच्चे आहेत, हें ऐकून आपल्याकडील पुष्कळांस नवल वाटेल. अशा एका खेड्याजवळ चिरंजीवांनीं बारा एकर जागा घेतली आहे. घर टेकडीवर, सरकारी रस्त्यापासून घरापर्यंत खडीची वाट सुमारें तीनशें यार्ड लांब, आणि मध्यें एक अवघड वळण व चढ. सूनबाई पंधरा मैलांवरील इस्पितळांत परिचारिका आहेत. त्यांना पहाटे साडेपांचास घर सोडावें लागतें. हिवाळ्यांत एका रात्रींत हात-दीड हात बर्फ पडलें म्हणजे ही वाट कोठें होती हेंदेखील कळत नाहीं. पहिल्या वर्षीं ती साफ करण्याचें काम एका ठेकेदाराकडे दिलें होतें. परंतु मोठी हिमवृष्टि झाली कीं त्याला पन्नास घरचीं बोलावणीं येत, आणि टेकडीवरचें घर यादींत शेवटचें. दोन वेळां सूनबाई कंदील घेऊन बर्फांतून चालत रस्त्यापर्यंत गेल्या. त्यानंतर चिरंजीवांनीं अडीच हजार डॉलरांस एक जुना ट्रॅक्टर विकत घेतला. गेल्या हिवाळ्यांत आम्ही उभयतां तेथें गेलों, तेव्हां या ट्रॅक्टराची आणि आमची ओळख झाली.

हा ट्रॅक्टर फोर्ड कंपनीचा, ‘एट-एन’ या नांवाचा. १९४७ ते १९५२ या काळांत असे पांच लाखांवर ट्रॅक्टर कारखान्यांतून बाहेर पडले. आमच्या घरचा १९४९ सालचा, म्हणजे वयानें आमच्याहूनही वडील. चार नळकांड्यांचें पेट्रोलचें इंजिन, सुमारें पंचवीस अश्वशक्ति, अंगावर करडा रंग आणि पोटाशीं तांबडा. त्याची बॅटरी मुळांत सहा व्होल्टची, आणि तिचें धन टोक यंत्राच्या लोखंडी अंगाला जोडलेलें. हल्लींच्या मोटारींत ऋण टोक जोडतात. ब्रेकचे दोन्ही पाय उजव्या बाजूला, पण एक पाय एकाच चाकाचा. त्यामुळें एक दाबला कीं ट्रॅक्टर त्या बाजूस जागच्या जागीं वळतो. झांकण उघडलें कीं प्रत्येक अवयव डोळ्यांस दिसतो आणि हातास लागतो. सत्तर वर्षांनंतरही त्याचे सुटे भाग दुकानांत मिळतात. चिरंजीव संगणकाच्या विद्येंतले; परंतु तीन महिन्यांत त्यांनीं पुस्तक समोर ठेवून या यंत्राचें निम्मेंअधिक अंग स्वतः उघडून पुन्हां जोडलें होतें.

या ट्रॅक्टरामागें एक इतिहास आहे. आयर्लंडांतील हॅरी फर्ग्युसन नांवाच्या यंत्रज्ञानें एक युक्ति काढली होती. नांगर ट्रॅक्टराच्या मागें गाडीसारखा नुसता ओढीत न नेतां तीन दांड्यांनीं त्याच्या अंगालाच जोडावा. दोन दांड्या खालीं, एक वर. नांगर जमिनींत अडला कीं तो पुढें कलंडूं पाहतो आणि वरची दांडी पुढें रेटतो. तो दाब आंतल्या तेलाच्या यंत्रणेस कळतो, आणि ती नांगर किंचित् वर उचलते. त्याच वेळीं नांगराचा भार मागल्या चाकांवर येऊन त्यांची पकड वाढते. आमच्याकडे कुणबी हेंच काम रुमण्यावरल्या हातानें करीत आला आहे. खडक लागला कीं हात हलका करावयाचा, माती मऊ लागली कीं हात जड करावयाचा. फर्ग्युसननें कुणब्याचा हात यंत्रांत घातला, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. या योजनेंत दुसराही एक गुण होता. फोर्डचा १९१७ सालचा ‘फोर्डसन’ ट्रॅक्टर, नांगर दगडांत अडकला म्हणजे घोड्यासारखा पुढून उठे आणि हांकणाऱ्यासह मागें उलथे. फर्ग्युसनची वरची दांडी त्याच क्षणीं ट्रॅक्टराचें तोंड खालीं दाबून धरी.

१९३८ सालीं हेन्री फोर्ड आणि फर्ग्युसन यांनीं नुसता हातांत हात देऊन करार केला; कागदावर कांहीं लिहिलें नाहीं. पुढच्या वर्षीं पहिला ट्रॅक्टर बाजारांत आला. परंतु कारभार नातवाच्या हातीं गेल्यावर १९४७ सालीं तो करार मोडला, प्रकरण कोर्टांत गेलें, आणि १९५२ सालीं साडेब्याण्णव लाख डॉलर देऊन फोर्डनें तें मिटविलें. तोंडी वचनावर चालणाऱ्या एकत्र कुटुंबांना या कथेंत ओळखीचें कांहीं दिसेल. वडिलांच्या शब्दाला मुलांच्या पिढींत पुरावा लागतो, हा अनुभव केवळ आपल्याकडचा नाहीं. फर्ग्युसनचा इंग्लंडांत बनलेला ट्रॅक्टर मात्र फार दूर गेला. १९५३ सालीं तेनसिंगाबरोबर एव्हरेस्ट चढलेले हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजीं अशाच ट्रॅक्टरांवर बसून दक्षिण ध्रुवावर पोंचले. त्या ट्रॅक्टरांच्या चाकांभोवतीं अखंड पट्टे चढविले होते. कारण बर्फावर यंत्राचा जोर किती आहे याला महत्त्व नसतें, तो जोर जमिनीला पोंचतो कीं नाहीं याला असतें.

येथें सांखळीची गोष्ट येते. रबराचें चाक बर्फावर चालत नाहीं, घसरतें. पंचवीस काय, शंभर अश्वशक्ति असली तरी चाक जागच्या जागीं फिरूं लागलें म्हणजे ती सगळी व्यर्थ. यावर उपाय न्यूयॉर्क संस्थानांतील कॅनास्टोटा गांवच्या हॅरी वीड यांनीं काढला आणि १९०४ सालीं त्याचें पेटंट घेतलें. चाकाच्या दोन्ही अंगांनीं दोन लांब सांखळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या सांखळ्या, अशी ही शिडी. ती चाकावर गुंडाळावयाची. आडव्या कड्या बर्फाच्या पृष्ठावर सगळा भार थोड्या जागीं देतात, त्यांत रुततात आणि चाकाला धर मिळतो. घाटांतून उतरणाऱ्या बैलांना नाल ठोकतात ती कल्पना हीच. फरक इतकाच कीं ही नाल ऋतूपुरती चढवितां आणि उतरवितां येते.

ट्रॅक्टराच्या चाकाला मात्र साधी शिडी नेहमीं उपयोगी पडत नाहीं, हें आम्हांस तेथें गेल्यावर कळलें. त्या चाकावर रबराच्या जाड तिरप्या पट्ट्या असतात. आडव्या सांखळ्या फार अंतरावर असल्या तर त्या नेमक्या दोन पट्ट्यांमधल्या खांचेंत जाऊन बसतात, आणि बर्फाला त्यांचा स्पर्शही होत नाहीं. म्हणून आडव्या सांखळ्या दाट असाव्या लागतात, किंवा मग जाळीसारखी विणलेली सांखळी घ्यावी लागते. ती चढविण्याचीही रीत आहे. सांखळी प्रथम जमिनीवर सरळ पसरून तिचे पीळ काढावे. चाकावर टाकतांना आंकड्यांचीं टोंकें बाहेरच्या बाजूस ठेवावीं, नाहीं तर तीं रबर कुरतडतात. वरच्या पत्र्याला सांखळी लागत नाहीं हें पाहावें. नंतर थोडें चालवून थांबावें आणि सैल झालेली सांखळी पुन्हां ताणावी. एका जोडीचें वजन इतकें कीं उचलतांना कंबर धरावी. याशिवाय चाकांत मिठाचें पाणी भरण्याची चाल तिकडे जुनी आहे. साधें पाणी गोठतें, म्हणून कॅल्शियम क्लोराइडचें. त्यानें चाक जड होतें आणि पकड वाढते. पण तें पाणी झिरपलें तर लोखंड खातें, म्हणून हल्लीं कांहीं लोक त्याऐवजीं बीटच्या रसापासून केलेला द्रव भरतात.

बर्फ ओढण्याचें पातें मागें तीन दांड्यांवर बसतें. हिवाळ्याच्या आरंभीं जमीन गोठलेली नसते, आणि पातें बर्फाबरोबर वाटेवरची खडीही ओढून खड्ड्यांत नेतें. यावर शेजारच्या वृद्ध शेतकऱ्यानें सांगितलेला उपाय आम्हांस फार आवडला. एका लोखंडी नळाला लांबीनें चीर द्यावी आणि तो पात्याच्या धारेवर बसवावा. बोथट झालेलें पातें खडीवरून सरकतें आणि बर्फ तेवढें नेतें. जमीन गोठली कीं नळ काढावा. आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें आणि त्या गृहस्थांचें बोलणें दांतांतल्या दांतांत. तरी लोखंड पुढें असलें म्हणजे भाषेवांचून फारसें अडत नाहीं.

सांखळ्या चढविल्यावर ट्रॅक्टर त्या चढावर ज्या निश्चयानें गेला, तें पाहून आम्हांस संस्कृतांतील शृंखला या शब्दाची आठवण झाली. शृंखला म्हणजे बंधन, हा अर्थ आम्हीं पस्तीस वर्षें मुलांना सांगितला. येथें तर मोकळें चाक जागीं फिरत राहतें आणि बांधलेलें पुढें जातें. आशेविषयीं असेंच नवल एका संस्कृत सुभाषितांत सांगितलें आहे. ज्यांनीं शाळेंत सुभाषितें पाठ केलीं आहेत त्यांना तें आठवेल.

परंतु या बंधनाची दुसरी बाजू जानेवारींत आमच्या समोर आली. वादळांत मेपलचें एक झाड पडलें होतें. त्याचे ओंडके करून घरीं आणावे, म्हणजे चुलीला लांकूड होईल, असा चिरंजीवांचा बेत. एक जाड ओंडका गोठलेल्या जमिनींत रुतून बसला होता. त्यांनीं लोखंडी सांखळदंड त्याला बांधला आणि दुसरें टोंक ट्रॅक्टराच्या मागें, वरची दांडी जेथें जोडतात तेथें, उंच अडकविलें. इंजिन चालूं होतें. इतक्यांत शेजारचे तेच वृद्ध गृहस्थ कुंपणावरून आले, कांहीं न बोलतां त्यांनीं हात घालून इंजिन बंद केलें, आणि मग बोलूं लागले. त्यांच्या लहानपणीं त्यांच्या मामाचा अंत असाच झाला होता.

त्यांनीं जें समजाविलें तें थोडक्यांत असें. चाकांना सांखळ्या नसतात तेव्हां भार न हलला तर चाकें घसरून जागीं फिरतात. तें घसरणें म्हणजे शक्तीचा अपव्यय खरा, पण तीच त्या यंत्राची सुटकेची वाटही असते. सांखळ्या बांधल्या कीं चाक घसरत नाहीं. ओंडकाही हलत नाहीं. मग इंजिनाचा जोर जाणार कोठें? चाक फिरेना, म्हणजे चाकाच्या आंसाभोवतीं ट्रॅक्टराचें अंगच फिरूं लागतें. पुढचीं चाकें उचललीं जातात आणि सबंध यंत्र मागें उलथून हांकणाऱ्याच्या अंगावर येतें. त्याला दोन सेकंददेखील लागत नाहींत. पाय क्लचवर नेण्यासही अवसर मिळत नाहीं. ओढ आंसाच्या वर बांधली असेल तर हें अधिकच त्वरेनें घडतें. म्हणून कांहींही ओढावयाचें तें खालच्या आडव्या दांडीलाच बांधावें. फर्ग्युसनची वरची दांडी तोंड दाबून धरते ती तीन दांड्यांवर जोडलेल्या अवजारापुरती. सांखळदंडानें ओढलेल्या ओंडक्याला तिचा कांहीं उपयोग नाहीं.

त्या रात्रीं जेवतांना घरांत मोठा वाद झाला. जुन्या ट्रॅक्टरांवर बसणाऱ्याच्या पाठीमागें एक भक्कम लोखंडी कमान बसवितां येते. ट्रॅक्टर उलथला तरी ती जमिनीवर टेकते आणि माणूस चिरडत नाहीं. मात्र कमरेला पट्टा बांधलेला पाहिजे, नाहीं तर माणूस कमानीबाहेर फेंकला जातो. स्वीडननें नव्या ट्रॅक्टरांना अशी कमान १९५९ सालींच सक्तीची केली. अमेरिकेंतील कारखानदार १९८५ सालापासून ती नव्या ट्रॅक्टरांस बसवूनच देऊं लागले. परंतु त्याआधींचे लाखों ट्रॅक्टर तसेच उघडे चालतात. कमानीला सर्व मिळून अकराशें डॉलर खर्च होता. चिरंजीवांचें म्हणणें, “अडीच हजारांच्या ट्रॅक्टराला अकराशेंची कमान! मग जुना घेतला कशाला? यापुढें मी खालीं बांधीन, हळू चालवीन.” सूनबाई म्हणाल्या, “पहाटे मी निघतें तेव्हां वाट मोकळी असावी हें मला हवेंच आहे. पण वाट मोकळी करणारा संध्याकाळीं घरीं दिसावा, हें मला त्याहून हवें आहे.” चिरंजीव आमच्याकडे वळून म्हणाले, “बाबा, तुम्ही तरी सांगा. काटकसर तुम्हींच शिकविलीत ना?”

आम्ही उत्तराची जुळवाजुळव करीत होतों, तोंच आमच्या घरांतून आवाज आला. “पितळेचें पातेलें आजेसासूबाईंच्या वेळचें, म्हणून मी अजून वापरतें. पण कल्हई उडाली असली तर त्यांत कोणी आमटी कढवील का? कल्हईचे पैसे पातेल्याच्या किमतीशीं ताडून पाहतें का कोणी?” या एका प्रश्नानें वाद मिटला. पितळेचें भांडें पिढ्यान्‌पिढ्या टिकतें, पण आंबट पदार्थ त्यांत कळकतो आणि पोटांत विष जातें. म्हणून वेळच्या वेळीं कल्हई करावयाची. कल्हई हा जुन्या भांड्याचा अपमान नव्हे, तें वापरांत ठेवण्याची ती अट आहे. पुढच्या पंधरवड्यांत कमान बसली. ती गांवच्या लोहाराकडून जोडून न घेतां, त्या ट्रॅक्टरासाठीं कारखान्यांत पारखून तयार केलेली घेतली. कारण अशा कमानीचें बळ डोळ्यांनीं कळत नाहीं, आणि कळण्याचा प्रसंग एकदांच येतो. ज्यांना हा खर्च झेपत नाहीं त्यांच्यासाठीं तिकडे मदतही आहे. न्यूयॉर्क संस्थानांत खर्चाचा मोठा भाग देण्याची एक योजना २००६ सालीं सुरू झाली आणि पुढें ती इतर संस्थानांतही पसरली.

मार्चअखेर बर्फ वितळूं लागलें आणि चिखलाचा ऋतु आला. वरची जमीन मोकळी होते, खालची गोठलेली असते, आणि मधलें पाणी कोठेंच जात नाहीं. त्या वेळीं शहाणा मनुष्य सांखळ्या उतरवून ठेवतो. कारण सांखळीचें चाक चिखलांतून पार जाईल, पण मागें वाट म्हणून कांहीं उरणार नाहीं. त्याच सुमारास मेपलच्या झाडांतून रस काढतात. चाळीस भाग रस आटवावा तेव्हां एक भाग पाक होतो. तो रस गोळा करणाऱ्या दुसऱ्या एका शेजाऱ्याच्या दारांत तांबडा नवा ट्रॅक्टर उभा होता, आणि त्यावर ‘महिंद्र’ हें नांव वाचून आम्ही थबकलों. मुंबईच्या या कंपनीनें १९६३ सालीं अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या साह्यानें ट्रॅक्टर बनविण्यास आरंभ केला, आणि १९९४ सालीं अमेरिकेंतच आपली शाखा काढली. ज्या कंपनीजवळ ती विद्या शिकली, तिचा शेतीयंत्रांचा विभाग १९८५ सालीं दुसऱ्याच्या ताब्यांत गेला. शिष्यानें गुरूच्या गांवीं दुकान मांडावें आणि तेथें गुरुगृहच नसावें, हें पाहून मास्तराला आनंद आणि खेद दोन्ही झाले. त्या नव्या ट्रॅक्टराला कमान कारखान्यांतूनच बसवून आली होती.

यावरून जुन्या वस्तूच्या कसोटीचे तीन प्रश्न आमच्या मनांत ठरले आहेत. पहिला, ती आजही आपलें काम करते काय? दुसरा, बिघडली तर आपल्या हातानें किंवा जवळच्या कारागिराकडून नीट होते काय? आणि तिसरा, तिच्या भरवंशावर वावरणाऱ्या माणसाचा जीव तिच्यापाशीं सुरक्षित आहे काय? पहिल्या दोहोंचीं उत्तरें होकारार्थी आलीं कीं आम्ही मोठ्या अभिमानानें वस्तु ठेवून घेतों, आणि तिसरा प्रश्न विचारावयास विसरतों. कारण पहिल्या दोहोंत पैसा वांचतो आणि तिसऱ्यांत जातो. वाड्यांतील जुनी विजेची तार, माळ्यावरचा जुना गॅसचा शेगडा, आजोबांची स्कूटर, या सर्वांना हा तिसरा प्रश्न प्रत्येक गृहस्थानें वर्षांतून एकदां तरी विचारावा. विशेषतः ज्या दिवशीं आपण एखाद्या जुन्या वस्तूची ताकद वाढवितों, त्या दिवशीं तर अवश्य विचारावा. पूर्वीं ती दमत होती, घसरत होती, बंद पडत होती, म्हणूनच कदाचित् आपण आजवर सुखरूप राहिलों असूं.

घरांतील जुन्या चालीरीतींनाही हीच कसोटी लावावयास आमची हरकत नाहीं. आणि आम्ही स्वतः वयानें जुन्यांत जमा असल्यामुळें हें लिहितांना कोणी आमच्यावर नवेपणाचा आरोप करणार नाहीं. जी चाल अजून उपयोगी आहे, जी दुरुस्त होते, ती खुशाल ठेवावी. पण तिच्याखालीं कोणी चिरडत असेल तर प्रथम कमान बसवावी, आणि तिचा खर्च किती आला हें कोणास ऐकवूं नये. आमच्या चिरंजीवांनीं या वर्षीं दिवाळीच्या पत्रांत लिहिलें आहे कीं, सांखळ्यांना तेल देऊन ठेवलें आहे, जमीन गोठण्याची वाट पाहत आहों, आणि पट्टा बांधल्याशिवाय इंजिन चालूं करावयाचें नाहीं, असा सूनबाईंनीं नियम घातला आहे. नियम पाळला जातो कीं नाहीं हें पाहण्यास नातू खिडकींत बसतो, असेंही त्यांत लिहिलें आहे.